तात्यांची जागा

प्रिय बयो,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळं ठीक आहे. गॅस बंद आहे, मागच्या दाराची कडी लावली आहे, मघाशी पुन्हा उठून ओढून बघितली. तुझ्या कुंड्यांना पाणी घालतोय, जास्त नाही, तू सांगितलंस तेवढंच. फोनवरच बोललो असतो, पण फोनवर तू “हं बाबा, बोला” म्हणतेस आणि मागून कुणीतरी तुला मॅडम मॅडम करून हाक मारतं. मग मला काय बोलायचं होतं ते आठवतच नाही आणि गोळी घेतली एवढं सांगून मी फोन ठेवतो. लिहायचं म्हणजे माझी सातवी, तीही धड नाही. पुढं सगळा जन्म बसमध्ये तिकिटं फाडण्यात गेला. तेव्हा चुका सोडून वाच. हे पत्र तुझ्या टेबलावर, चष्म्याच्या डबीखाली ठेवतोय. रविवारी तू आलीस की चप्पल काढायच्या आधी टेबलाकडेच जाणार, हे मला माहीत आहे. एकच विनवणी आहे, मला हाक मारायच्या आधी शेवटपर्यंत वाच.

सरळच सांगतो. तू त्या दुसऱ्या कॉलेजात मास्तरांना शिकवायला गेलीस आणि मंगळवारी मी तुझ्या कॉलेजात जाऊन आलो. तुझ्या सोनोग्राफी शिकवायच्या खोलीत. नुसता बघायला नाही गेलो. तिथल्या पलंगावर शर्ट वर करून झोपलो आणि तुझ्या पोरापोरींनी माझ्या पोटावर ते यंत्र फिरवलं. म्हणजे तात्या झोपतात ना, त्या जागेवर. आता तुझ्या कपाळावर आठी आली असेल. येऊ दे, पण कागद खाली ठेवू नकोस.

ह्याची सुरुवात टीव्हीच्या रिमोटपासून झाली, तुला आठवत नसेल. तुझा नवा वर्ग सुरू व्हायचा होता आणि तू दिवाणावर उशी आडवी टाकून तिच्यावर रिमोट फिरवत होतीस. इथं यकृत, इथं पित्ताशय, आता हात तिरका, आता दाब कमी, असं स्वतःशीच पुटपुटत होतीस. मी खुर्चीत बसून बघत होतो. म्हटलं, “उशीला कसलं आलंय पित्ताशय? मी बसलोय ना इथं पोट घेऊन. घे.” तू हसलीस. म्हणालीस, “घरचं माणूस नको, बाबा. घरच्या माणसावर हात ठेवला की डोळे नीट बघत नाहीत. आमचा नियम आहे तसा.” नियमाला माझी ना नाही, मी स्वतः नियमावर नोकरी केली. पण मनात म्हटलं, उशी चालते, परका शिंपी चालतो, आणि बाप तेवढा चालत नाही.

परका शिंपी म्हणजे तात्या. आता तात्यांबद्दल लिहितो. इतकी वर्षं त्यांच्याबद्दल मी फक्त ऐकून घेतलं.

जेवायला बसलं की तात्या. तात्यांच्या पोटावर चरबी नाही, तात्यांना गॅस नाही, तात्यांच्या बरगड्यांमधून यंत्र कसं सुरेख बसतं. “तात्यांचं पित्ताशय म्हणजे काय सांगू बाबा, पुस्तकातल्या चित्रासारखं!” अगं, घास तोंडात असताना कुणी कुणाच्या पित्ताशयाचं कौतुक करतं का? आणि कौतुक करायचं तर त्यात त्यांनी काय केलंय? आयुष्यभर मशीनवर बसून कपडे शिवले, आता तुझ्या पोरांना शिकायला म्हणून पलंगावर झोपून राहतात. मी उन्हातान्हात, उभ्यानं, एका हातानं दांडा धरून आणि एका हातानं सुटे पैसे मोजत हजार माणसांची भांडणं सोडवली. त्या पोटाचं कौतुक कधी कुणी केलं नाही. माझ्या पोटात दुखायचं, बयो. तुमच्या मशीनमध्ये दिसत नाही तसलं.

मग मागच्या वर्षी ते झालं. तुम्ही पोरांना शिकवता ना, की शिकताना पलंगावरच्या माणसात काही वेगळं दिसलं तर तोंडातून अक्षर काढायचं नाही. यंत्र जागेवर ठेवायचं, पोटावर स्वच्छ टॉवेल पसरायचा आणि मॅडमना बोलवायचं. बाकीच्यांनी समजून घ्यायचं आणि पुढच्यानं हात लावायचा नाही. तू मला हे घरी मोठ्या अभिमानानं सांगितलं होतंस. ती पद्धत तूच बसवलीस, नाहीतर पोरं “अय्या, हे काय!” म्हणून ओरडायची आणि माणूस पलंगावरच अर्धा व्हायचा. तर तसा टॉवेल तात्यांवर पडला. मूत्रपिंडात खडा निघाला. खडाच तो, पण तू काय धावपळ केलीस! स्वतः गाडी काढलीस, स्वतः त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलंस, ऑपरेशनच्या दिवशी रजा टाकून बाहेर बाकावर बसलीस, त्यांच्यासाठी घरून डबा नेलास. तो डबा मीच भरला होता. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मला वरच्या मजल्यावरच्या वहिनींबरोबर पाठवलंस, कारण तुझी परीक्षा होती. म्हणजे तुझ्या पोरांची. हिरवी पट्टी बांधून रिक्षातून घरी आलो. वहिनी वाटेत विचारत होत्या, “मुलगी एवढी डॉक्टर, आणि तुम्ही एकटेच?” मी म्हटलं, “डोळा तिच्या खात्यात येत नाही.”

आणि एक प्रसंग तुला माहीत नाही. एकदा तू चष्मा घरी विसरलीस आणि मी तो घेऊन कॉलेजात आलो होतो. दाराच्या काचेतून बघितलं. पडदे ओढलेले, खोलीत अंधूक, मशीनचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर. पोरं कोंडाळं करून उभी. तू पोटाला लावायच्या जेलची बाटली आधी दोन्ही तळव्यांत धरून गरम केलीस, तात्यांना गार लागू नये म्हणून. मग एक हात त्यांच्या खांद्यावर ठेवलास आणि म्हणालीस, “तात्या, मोठा श्वास घ्या… धरा… धरून ठेवा… सोडा. शाब्बास!”

बयो, तो आवाज मी घरी कधी ऐकला नाही. घरी तुझा आवाज “पाय पुसून या”, “टीव्ही हळू”, “गोळी घेतली का” असा असतो. त्यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही, पण घाई असते. तो आवाज वेगळा होता. आणि खरं सांगू? ते शब्दसुद्धा माझे होते. तू लहान असताना तुला उचक्या लागायच्या, एकदा लागल्या की थांबायच्या नाहीत. तुझी आई पाणी पाज, साखर दे करायची. मी तुला समोर बसवायचो आणि म्हणायचो, “श्वास धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही.” तू गाल फुगवून, डोळे वटारून माझ्याकडे बघत राहायचीस. एकदा दारात डेपोचा माणूस आला आणि मी बोलत उभा राहिलो. वळून बघतो तर तू तशीच बसलेली, लालबुंद, डोळ्यांत पाणी, पण श्वास काही सोडला नाहीस. “सोड सोड, अगं सोड!” म्हणून मी धावलो. तुझी आई किती वाईट बोलली मला! तू मात्र खुशीत. उचकी गेली होती. आणि आता तो श्वास तू तात्यांना देत होतीस, वर शाब्बास देऊन. मी चष्मा वॉचमनजवळ दिला आणि आलो.

त्यानंतर मी पोट कमी करायचं मनावर घेतलं. हसू नकोस. मनात म्हटलं, एकदा माझं पोट तात्यांसारखं सपाट झालं की हिचा नियम बघू. सकाळी चालायला लागलो. रात्रीचं निम्मं जेवण बंद केलं. आरशासमोर उभं राहून बरगड्यांमधली जागा चाचपून बघायचो. पोट उतरायला लागलं आणि मला आनंद झाला. तूही म्हणालीस, “बाबा, छान बारीक झालात हो!” तेवढ्यावर मी आठवडाभर उड्या मारल्या. तात्यांवर एक डाव मी जिंकला असं वाटलं मला.

तर मंगळवारी सकाळी तात्यांचा फोन आला, घरच्या फोनवर. खोकत खोकत म्हणाले, “साहेब, मला खोकला झालाय, श्वास धरता येणार नाही. मॅडमचा फोन लागत नाही, तेवढा निरोप द्या, दुसरी मॅडम वाट बघत असेल.” मी म्हटलं, “देतो की. तुम्ही आराम करा.” फोन ठेवला. मग धुतलेला बनियन काढला. उपाशीपोटी जायचं असतं हे मला माहीत होतं. तुझ्या जेवणातल्या गप्पांतून मला सगळंच माहीत आहे. चहासुद्धा घेतला नाही.

तुझ्या जागी त्या उंच मॅडम होत्या, तुझ्या हाताखालच्या. त्यांनी मला कधी बघितलेलं नाही, हे बरं झालं. म्हटलं, “तात्यांनी पाठवलंय.” तात्यांचं नाव घ्यावं लागलं बघ, त्याशिवाय तिथं दार उघडत नाही. त्यांनी विचारलं, “आजोबा, काही त्रास वगैरे?” म्हटलं, “छे! काही नाही.” “घाबरू नका हं, ही मुलं फक्त शिकतायत.” मी म्हटलं, “शिकू दे की. आमच्या बसवर पण नवे ड्रायव्हर शिकायचे.” पोरं हसली. पहिल्याच फटक्यात हसवली, तात्यांना नसेल जमलं.

पण पुढं काही जमेना. जेल बर्फासारखं गार, कुणी तळव्यात धरलं नाही. पहिल्या पोरानं यंत्र उलटं धरलं, त्यामुळे माझं डावं उजवीकडे दिसायला लागलं. उंच मॅडम म्हणाल्या, “यंत्रावरची खूण कुठं आहे? आधी खूण बघ. पेशंटच्या उजवीकडे.” दुसऱ्यानं बरगडीवर असं दाबलं की मला वाटलं उतरायचा स्टॉप आलाय आणि हा बेल मारतोय. तो तर माझ्या यकृतात मूत्रपिंड शोधत होता. मी झोपल्या झोपल्या त्याला धीर देत होतो, “सापडेल, सापडेल, कुठं जातंय, आतच आहे.” तेवढ्यात मागून एक जण हळूच म्हणाला, “तात्या असते तर केव्हाच सापडलं असतं.” आणि दुसरी, “तात्या परत कधी येणार, मॅडम?” मी वर पंख्याकडे बघत पडलो. अंगाखाली चादर तात्यांची, डोक्याखाली उशी तात्यांची, त्यांच्या डोक्याचा खळगासुद्धा होता त्यात. त्यांची जागा घेतली होती मी, पण तिथंसुद्धा ते होतेच.

मग ती मुलगी आली. बारीक आवाजाची, वेणीवाली, तू तिच्याबद्दल सांगतेस ती हीच असणार, हाताला घाम फुटतो ती. तिनं बाटली उचलली आणि आधी दोन्ही तळव्यांत धरून ठेवली. मागच्या पोरानं विचारलं, “काय करतेस, लवकर!” तर म्हणाली, “मोठ्या मॅडमनी सांगितलंय, आधी आपला तळवा, मग त्यांचं पोट.” मोठ्या मॅडम म्हणजे तू. बयो, मला भरून आलं. एवढ्या लांबून तुझा हात आला असं वाटलं. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तुझ्याच चालीत म्हणाली, “आजोबा, मोठा श्वास घ्या… धरा… धरून ठेवा…”

मी धरला. आता तुझी पोरं एक चूक नेहमी करतात, तूच सांगतेस आणि हसून हसून बेजार होतेस. श्वास धरायला सांगतात, स्क्रीनमध्ये डोकं घालतात आणि सोडा म्हणायचं विसरून जातात. तात्या मुरलेले, ते हळूच आपला आपला सोडून देतात. मी नाही सोडला. एकदा तरी पोरांनी घरी जाऊन म्हणावं, ते दुसरे आजोबा काय श्वास धरतात! मी धरून पडलो. तिचा हात फिरत होता तो थांबला. थोडा मागं गेला, परत तिथंच आला, परत थांबला. मला वाटलं, सापडलं! हिला माझं पित्ताशय सापडलं, आणि तेही पुस्तकातल्यासारखं निघालं. मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. ती स्क्रीनकडे बघत होती. मग तिनं यंत्र जागेवर ठेवलं, शेजारचा पांढरा टॉवेल उचलला, त्याची घडी उलगडली आणि माझ्या पोटावर नीट, कडेपर्यंत पसरला.

खोटं कशाला सांगू. पहिल्या क्षणाला मला बरं वाटलं. आता तू गाडी काढशील, रजा टाकशील, बाकावर बसशील. आता डबा माझा. तात्यांना जे मिळालं ते मला मिळालं, एवढंच डोक्यात आलं. मग खोलीतली पोरं एकदम गप्प झाली. मघाचा तात्या तात्या करणारा पोरगा जमिनीकडे बघायला लागला. तेव्हा कुठं मला समजलं, की तो टॉवेल काय असतो हे त्या पलंगावर झोपणाऱ्यांपैकी फक्त मला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, जेल पुसायला ठेवला.

उंच मॅडमनी पोरांना चहाला पाठवलं. स्वतः बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. चांगल्या आहेत त्या, बडबड करत नाहीत. मशीनकडे बघतच विचारलं, “आजोबा, जेवण जातं का नीट?” म्हटलं, “कमी केलंय मी, मुद्दाम.” “वजन?” “तेही मुद्दाम.” बयो, तुला आता खरं सांगतो. पहिले काही दिवस मुद्दाम होतं. मग भूकच लागेना. जेवण समोर आलं की नको वाटायचं, पाठीत आतून दुखायचं, आणि मी म्हणायचो, बरं झालं, पोट उतरतंय. पोट माझं आपोआप उतरत होतं आणि शाबासकी मी घेत होतो. तू बारीक झालात म्हणालीस तेव्हा सांगायला हवं होतं. पण इतकी खूश होऊन म्हणालीस, की माझं तोंड उघडेना.

मॅडमनी पोट पुसलं, मला उठवून बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, “काही ठाम सांगत नाही मी. पण नीट तपासायला हवं, लवकर. घरी कोण असतं तुमच्या?” म्हटलं, “मुलगी.” “काय करते?” “शिकवते.” “मग तिला घेऊन या. एकटे येऊ नका. मी तिच्याशी बोलेन.” मी मान हलवली. ती वेणीवाली पोरगी दारात उभी होती, चहाला गेलीच नव्हती. ती माझ्याकडे बघेना आणि मी तिच्याकडे. दोघंही आपापल्या हातांकडे बघत होतो. तिला रागावू नकोस. तिनं सगळं तू शिकवलंस तसंच केलं. तोंडातून अक्षर काढलं नाही.

तर म्हणून हे पत्र. उंच मॅडमनी सांगितलंय मुलीला घेऊन या, आणि मुलगी कोण हे मला तिथं सांगवलं नाही. घरच्या माणसावर हात ठेवायचा नाही हा तुझा नियम मी मोडायला लावत नाही. यंत्र दुसऱ्या कुणाच्याही हातात दे, तुझे डोळे नीट बघणार नसतील तर नको बघूस, तोंड भिंतीकडे कर. पण हात माझ्या खांद्यावर ठेव. तात्यांची चौकशी कर, खोकला बराच होता त्यांना, पण माझ्यानंतर कर, आणि त्या दिवशी त्यांना खोलीत बोलावू नकोस. एवढा एकदा तो पलंग फक्त माझा असू दे. आणि एक राहिलंच. त्या पोरीनं मला श्वास धरायला सांगितलं आणि सोडा म्हणायचं ती विसरली. तसा मी नंतर सोडला असणारच, नाहीतर घरी आलो कसा आणि लिहितोय कसा. पण मंगळवारपासून मला आत कुठंतरी तो धरलेलाच वाटतोय. कडी बघून येतो, गॅस बघून येतो, तरी सुटत नाही. तू सांगेपर्यंत सोडायचा नाही, असं धरून बसलोय. पत्र वाचून झालं असेल तर आत ये. मी जागाच आहे. ये आणि म्हण.

तुझाच, आणि तुला कुणाबरोबर वाटून न घेणारा,
बाबा